ऐकून घेणारा

३ मार्च
झालं! पुलांच्या विभागाची प्रमुख — मी. साहेब म्हणाले, अकरा वर्षांत तुमच्या सहीच्या नकाशात एक चूक निघाली नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. "छान झालं," म्हणाला आणि पुन्हा भाजी चिरायला लागला. एवढंच! मैत्रिणी त्याला ठोकळा म्हणतात ते उगाच नाही.

५ मार्च
नणंदेचं ऑपरेशन. हा दहा दिवसांसाठी तिच्याकडे गेला. छापखान्यात मुद्रितं तपासतो, तिथून रजा मिळाली म्हणाला.

९ मार्च
नव्या पुलाच्या नकाशात तिसऱ्या खांबाची उंची चुकली. खाली माझी सही! नकाशा साइटवर निघालाच होता, ज्युनिअरने पाहिलं म्हणून वाचले. दार लोटून घेऊन ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही नेहमी सही दुसऱ्या दिवशी करता. घरी जाऊन येता आणि सकाळी काहीतरी दुरुस्त करता. या वेळी लगेच कशी केलीत?"

१० मार्च
दिवसभर तेच डोक्यात. संध्याकाळी चहा घेताना मी त्याला कामाचं सगळं सांगते. त्याला पुलातलं ओ का ठो कळत नाही. पण मध्येच "मग?" म्हणतो. नाहीतर, "काल वेगळा आकडा सांगितला होतास." सांगता सांगता माझी चूक मलाच सापडते. अकरा वर्षं! आणि मी समजत होते, आपण हुशार.

१२ मार्च
नणंदेला फोन केला. हसून म्हणाली, दादा दिवसभर बोलत बसतो, हसून हसून टाके दुखतायत. मला वाटलं, चेष्टा करतेय. आमच्याकडे हा माणूस सलग चार वाक्यं बोलत नाही!
मग आवाज खाली आणून म्हणाली, "वहिनी, त्याची नोकरी गेली ते फार मनाला लावून घेऊ नकोस. दोन महिने झाले, आता सावरलाय तो."
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. दोन महिने! रोज सकाळी डबा घेऊन कुठे जात होता? आणि रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसलेला असायचा — मी खांबांच्या उंच्या सांगत होते.

१३ मार्च
त्याला फोन लावला. विचारलं, "आज दिवसभर काय केलंस?" पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "तुला वेळ आहे?"