नाकातला टाका

सोलापूर, सोमवार, २ जानेवारी १९२८

आज सांगोल्याहून येऊन कामावर रुजू झालो. एक ट्रंक, एक वळकटी आणि बायकोने, शिवबाईने, बांधून दिलेली शेंगाचटणी, एवढा संसार. शुक्रवार पेठेत चांदसाब बाइंडरचं दुकान आहे. खाली काम, माडीवर माझी खोली. चांदसाब म्हातारा माणूस. वाचता येतं ते उर्दूच, पण पुस्तक हातात घेतलं की शिवण कुठे सैल आहे ते डोळे मिटून सांगतो. त्याला इंग्रजी वाचणारा गडी हवा होता, कारण गिरणीच्या एका इंजिनियरसाहेबाच्या मडमेने तिच्या आजोबांचे कागद बांधायला दिले आहेत. आजोबा आरमारात कॅप्टन होते. आमच्या सांगोल्यात घागरभर पाण्याची मारामार, आणि समुद्रावरच्या कागदांना हात लावायला निवड झाली माझी! काम मनासारखं झालं तर चांदसाब कायमचा ठेवून घेणार. मग शिवबाईला आणि आमच्या लेकीला, तानीला, इकडे आणीन. सगळी मदार या दोन हातांवर आहे.

गुरुवार, ५ जानेवारी

पेटीत काय नाही! बढतीचे हुकूम, लाल लाखेचे ठसे, नकाशे, जहाजावरच्या रोजच्या नोंदी. कॅप्टन एल्डरिज बायकोला प्रेमाची पत्रं लिहितो आणि खाली हुद्द्यासकट सही ठोकतो. मला एकट्यालाच हसू आलं.

एक खाजगी वही जाड, काळपट, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलेली आहे. पानं दुरुस्त करायची म्हणून शिवण उसवली. दोरा टाकणार तोच चांदसाबने हात धरला. म्हणाला, "असला दोरा आता कुटं मिळतो? लई मजबूत हाय. चांगला दोरा फेकायचा न्हाय." बाइंडरची जातच चिकट. तोच दोरा वापरतोय. टोक दातांनी चावून, जिभेवर ओलं करून सुईत घालायचं, ही आमची नेहमीची रीत. चवीला खारट लागतो.

बुधवार, ११ जानेवारी

कागदावर रक्त दिसलं तेव्हा कळलं की सुई बोटात गेली आहे. आत गेलेली दिसत होती. दुखत नव्हतं. चांदसाब म्हणाला, बाइंडरच्या बोटांचं कातडं असंच मरतं. असेल.

शनिवार, १४ जानेवारी

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला गेलो. मिरचीची भजी खाल्ली. शेजारचे नाक पुसत होते, माझ्या तोंडात नुसता भुसा. नंदीध्वजांच्या उंच काठ्या आल्या, लोकांनी सिद्धरामेश्वराचा जयजयकार केला. लहानपणी या घोषाने माझ्या अंगावर काटा यायचा. आज मी उभा राहून काठ्या मोजल्या. सात होत्या.

याची भीती वाटायला हवी होती.

बुधवार, १८ जानेवारी

खाजगी वही वाचायला घेतली. जे आहे ते उतरवून ठेवतो.

जहाजावर माणूस मेला की शीड शिवणारा कारागीर त्याला झोळीत घालून शिवतो. शेवटचा टाका नाकातून घालायचा. जीव असेल तर माणूस ओरडेल, म्हणून ही खात्री. १८४९ साली पटकीच्या साथीत पेल नावाचा खलाशी असाच शिवला. टाका घातला, तो हलला नाही. कॅप्टनने समुद्रात सोडायचा हुकूम दिला. फळी कलंडताना झोळीची शिवण तोंडाशी उसवली होती, आणि पेल डोळे उघडून कॅप्टनकडे बघत होता. डोळ्यांत पाणी होतं. कॅप्टन लिहितो, 'हुकूम देऊन झाला होता, म्हणून मी गप्प राहिलो.'

खाली एक ओळ आहे. पेलच्या झोळीसाठी काढलेला दोरा उरला, त्याच दोऱ्याने कॅप्टनने कारागिराकडून ही वही शिवून घेतली, विसर पडू नये म्हणून.

तो दोरा मी तेरा दिवस तोंडात घालतोय.

शुक्रवार, २० जानेवारी

पुढच्या पानांवर कारागिराची बोटं बधिर होतात. मग कॅप्टनची. हात, जीभ, पाय. शेवटी बायकोला लिहिलेलं पत्र, न पाठवलेलं, दोन पानांच्या मध्ये चिकटून राहिलेलं: 'मी गेलो असं वाटलं तरी सुईवर विश्वास ठेवू नकोस. ऐकू येतं. थांब.'

मडमेला जाऊन विचारलं. ती अभिमानाने सांगत होती, आजोबांना तोफांची सलामी मिळाली, गेले त्याच दिवशी दफन झालं. आजीने आरमाराची रीत पाळून त्यांच्या नाकात टाका घालून घेतला होता. आजोबा अगदी शांत होते म्हणे.

दोरा चुलीत घातला. हात निखाऱ्याला लागला होता, ते वासावरून कळलं.

सोमवार, २३ जानेवारी

दवाखान्यात गेलो. डॉक्टरने टाचणी टोचली. डाग नाही, महारोग नाही म्हणाला. छातीला नळी लावली, तीन ठिकाणी सरकवली, झटकली. नळी बिघडली असावी म्हणाला.

बुधवार, २५ जानेवारी

चांदसाबने निरोप धाडला म्हणून शिवबाई आली, तानीला घेऊन. याच दिवसाची वाट बघत होतो. तानी गळ्यात पडली. तिचं वजन कळलं नाही, ऊब कळली नाही. शिवबाई सारखी म्हणत होती, "आवं, असं काय बघताय? बोला की." जीभ जड झाली आहे.

तिला सांगितलं, मला काही झालं तर तीन दिवस थांब, माझे डोळे बघ. ती रडायला लागली. अभद्र बोलू नका म्हणाली. किती ऐकलं, कोण जाणे.

शुक्रवार, २७ — सकाळ

पहाटे उठता येईना. आवाज नाही. शिवबाईने हलवलं. चांदसाबने नाकाशी सूत धरलं. हललं नाही. माझे डोळे उघडे होते — त्याने मिटवले. दाभण आणून तळव्याला टोचलं. मी ऐकत होतो. शिवबाईचा हंबरडाही. वाईट वाटलं नाही. वाटायला हवं —

अंत्यविधीसाठी जंगमाला बोलवायला गेलेत. शिवबाई शेजारी पांढरं लुगडं मागायला. तानी तिच्याबरोबर. आम्ही लिंगायत, आमच्यात माणूस बसवून पुरतात. आजच. सूर्य मावळायच्या आत.

डोळे आता उघडले. उजवा हात मनगटापुढे चालतो. वही उशाशी होती. पेन दिसतंय म्हणून धरता येतं. दंड उचलला जात नाही.

शिवबाई, मी जिवंत आहे. थांब.

हे कुणासाठी लिहिलं? शिवबाईला अक्षर येत नाही. चांदसाबला उर्दू. जंगम आला तर — तो कानडीच वाचतो.

मडमेला इंग्रजी. मडमेला बोलवा — पण हे कोण सांगणार —

जिन्यावर पावलं. पुष्कळ. मला बसवायचा चौरंग आपटला. पापण्या पुन्हा खाली —

इंग्रजीत लिहितो, मोठ्या अक्षरात, कुणीतरी तिच्याकडे ने