बालवाडीच्या खोलीचे काय करावे

मी, कमळ गणपत फर्डे, वय बहात्तर, व्यवसाय बालवाडी चालवणे, राहणार किन्हवली, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शहापूरला टाइप करून मिळते, पण टाइप करणारा आदेशच्या ओळखीचा निघाला. माझे डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे डॉक्टरांनी सांगितले. हे मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही आणि कोणाच्या गोड बोलण्यानेही नाही. दोन्हींचा प्रयोग माझ्यावर झालेला आहे. यापूर्वी मी कोणताही असा कागद केलेला नाही. कोणी दाखवलाच तर सही नीट तपासावी.

मला मूलबाळ नाही. माझे यजमान गणपत वखारीत सुतार होते, ते वारले. नात्यातली माणसे म्हणजे माझी जाऊ शकू, तिचा मुलगा आदेश आणि त्याची बायको प्रियांका. तिघे भिंतीपलीकडे राहतात आणि भिंत पातळ आहे.

१. राहते घर, माझ्या हिश्श्याचे, आदेशला मिळावे. माळ्यावर किंवा चुलीखाली काहीही पुरलेले नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण शकूला तसे वाटते आणि माझे दिवस होण्याआधी ती जमीन उकरायला घेईल.

२. पितळी घंगाळ शकूला. ते आदेशच्या हळदीला नेले तेव्हापासून तिच्याकडेच आहे. आता ते कायद्याने तिचे झाले. तेव्हा ‘आमच्याकडंच होतं पहिल्यापासून’ असे तिने गावात सांगणे बंद करावे.

३. बँकेतली शिल्लक बालवाडीच्या खोलीच्या डागडुजीसाठी, चटयांसाठी आणि पोरांच्या खाऊसाठी वापरावी. पासबुक डॉ. अक्षदा निमसे यांच्याकडे आहे आणि या कागदाची अंमलबजावणी त्यांनीच करावी. आकडा लिहीत नाही. हा कागद कोण कोण वाचेल याची खात्री नाही.

४. यजमानांची करवत, रंधा आणि पटाशा ठाकूरवाडीच्या सावळ्या मेंगाळला द्याव्यात. बालवाडीतले ठोकळे तोच दुरुस्त करतो. ते ठोकळे गणपतने वखारीतल्या तुकड्यांचे केले, एकही दुसऱ्यासारखा नाही. चुकीचा ठोकळा वर ठेवला की मनोरा पडतो. पडला की मूल थांबते आणि हातातला ठोकळा उलटसुलट करून बघते. आदेशने मागच्या वर्षी प्लास्टिकचे आणून दिले. ते कसेही लावले तरी एकमेकांना चिकटतात. पोरांनी दोन दिवस चिकटवले आणि मग त्यांची बस करून ढकलत नेली. ते आदेशला परत द्यावेत.

५. बालवाडीची खोली. पूर्वेस ठाकूरवाडीची पायवाट, पश्चिमेस शकूचे भाताचे खाचर, उत्तरेस बांध व करंजाचे झाड, दक्षिणेस किन्हवलीचा रस्ता. ही जागा मी माझ्या पगारातून, माझ्या नावाने घेतली आहे. फर्डे घराण्याचा तिच्यात वाटा नाही. भांडण इथेच होणार, म्हणून कारणे सविस्तर लिहिते.

आदेशला या खोलीत इंग्रजी नर्सरी काढायची आहे. काचेचे दार, बाहेर बोर्ड, साडेनऊला कडी. तो वाईट मुलगा नाही, पण मला न विचारता तो खोलीची लांबीरुंदी मोजून गेला, तेव्हापासून मी सावध आहे.

“काकी, तू वर्षभर पोरांना चिंचोके निवडायला बसवतेस,” तो म्हणाला. “वाशिंदला या वयाची पोरं कलर इंग्लिशमधे बोलतात.”

“बोलतात. दाखवतात का?”

“दाखवायचं काम टीचरचं.”

घडाघडा बोलणाऱ्या मुलाचा मला संशय येतो. शंभरापर्यंत म्हणणाऱ्या मुलापुढे मी चिंचोक्यांचा डबा ठेवते आणि सात दे म्हणते. ते मूठ भरून देते. सात काय असते ते त्याच्या हाताला अजून कळलेले नसते. गप्प मुलाबद्दल मी घाई करत नाही. नवे मूल उंबऱ्यावर बसले तर त्याला तिथेच बसू द्यायचे, नाव विचारायचे नाही, आत ओढायचे नाही, ही माझ्याकडची पद्धत आहे. उंबऱ्यावरून सगळी खोली दिसते आणि पळून जायची वाटही मोकळी असते. दोन्ही असल्याशिवाय लहान मूल नीट बघत नाही.

ठाकूरवाडीच्या बुधीची रखमी पावसाळा लागल्यापासून अशीच उंबऱ्यावर होती, कडेवर धाकटा भाऊ. एक शब्द बोलली नाही. शकू येता-जाता म्हणायची, “मुकी हाय गो ती. कशाला तुझा टाइम घालवतेस?”

श्रावणात माझे गुडघे धरले आणि वर्ग मी प्रियांकाकडे दिला. तिने कोर्स केलेला आहे. आठवड्यात पोरे हातवारे करून इंग्रजी गाणे म्हणू लागली. आयांनी टाळ्या वाजवल्या, शकूने दोनदा. माश्या येतात म्हणून प्रियांकाने दार लोटून घेतले. रखमीला तिने हाताला धरून मधोमध बसवले, भाऊ काढून मदतीला असलेल्या कविताकडे दिला आणि सगळ्यांसमोर विचारले, “व्हॉट इज युवर नेम?” दुसऱ्या दिवसापासून रखमी आली नाही.

त्याच सुमारास डब्यातले चिंचोके कमी होऊ लागले. वर्ग प्रियांकाकडे असला तरी पोरे घरी निघताना दारात झडती मीच घेते, मूठ आणि खिसा. चिंचोका नाकात जातो, कानात जातो, म्हणून हा नियम आहे. कोणाकडे काही सापडेना. उरली कविता. कविता भरत मेंगाळ ही ठाकूरवाडीची, सावळ्याची भावजय. वाडीतली पोरे गोळा करून आणते आणि वर्गात मला मदत करते. ती समोरच्याचे बोलणे संपायच्या आत हसते. असे हसणाऱ्या माणसावर मी नजर ठेवते. डब्याच्या झाकणाला दोरा बांधून पाहिला. दोरा सुटला आणि पुन्हा बांधला गेला, पण गाठ माझी नव्हती.

म्हणून शेजारच्या महिपतला रिक्षा काढायला लावली आणि न सांगता वाडीत गेले.

बुधीच्या अंगणात रखमी बसली होती. पुढे वाडीतली बारकी पोरे, पुढ्यात करवंट्या, करवंट्यांत माझे चिंचोके. एक पोर करवंटी भराभर उपडी करू लागले तर ती म्हणाली, “घाई नाय रे. बघ आधी.” शब्द माझे, हेलही माझा. उठताना तिने गुडघ्यावर हात ठेवला आणि ‘आई गं’ म्हटले. तिचा धाकटा भाऊ दाराशी बसून होता, त्याला तिने बोलावले नाही. शेवटी सगळ्यांना ओळीत उभे केले. “मूठ उघड. खिसा दाखव. आ कर.” मी कधी तोंड तपासले नव्हते. ती सुधारणा तिची.

महिपत रिक्षाचा दांडा धरून हसत होता. मी त्याला गप्प बसायला सांगितले.

कविता झोपडीमागून आली. “बाई, तुमी? रिक्षा करून?”

“चिंचोके तू आणलेस.”

“मंग? पोरीला पायजे होते.”

“विचारायचं होतं.”

“विचारलं असतं तर तुमी मोजून दिलं असतं नि मोजून घेतलं असतं. ती बी तेच करते, बघा की.”

मी रिक्षात बसले. परतताना एकच गोष्ट डोक्यात होती. घाई नको, आधी बघ, हे मी त्या पोरीला शिकवायचे म्हणून शिकवले. झडती शिकवायची म्हणून घेतली नव्हती. तिने दोन्ही सारख्याच नेटाने उचलल्या, तेही एक शब्द न बोलता. मग साडेनऊला कडी लावली, तर उशिरा आलेले मूल बाहेर उभे राहून काय शिकेल, आणि आत बसून त्याच्याकडे काचेतून बघणारे काय शिकेल, हे कोणत्या कोर्सात लिहिले आहे ते आदेशने मला दाखवावे. तोवर माझा विश्वास नाही.

रखमीला काय हवे ते कविताने माझ्याआधी ओळखले, म्हणून खोली तिलाच द्यायची असे ठरवून मी तिला बोलावले. ती या वेळी हसली नाही.

“नको, बाई. दिवाळी झाली का आमी भट्टीवर. मी भिवंडीला इटा थापीत बसंन नि हितं आदेशदादा कुलूप लावंल. मी काय तिथून बघणार?”

तिचे खरे होते.

पुढे एका दुपारी प्रियांका एकटीच आली. “काकी, ती दारातली पोरगी माझ्यामुळं येत नाय का?”

“हो.”

“मग मी काय करू?”

“गप्प बस.”

तिला ते लागले असावे, पण दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन बालवाडीच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली. दार उघडे. रोज बसली, कोणाला हाक मारली नाही. मग एक दिवस रखमी भावाला घेऊन आली, समोर टेकली आणि त्याच सुपातले खडे वेचू लागली. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. मी खुर्चीतून पाहत होते. प्रियांकाला आदेशनेच पाठवले असेल असे मला वाटले. अजूनही मधून मधून वाटते.

तरी पूर्ण विचाराने ठरवते की ही खोली, आतल्या सामानासह, सौ. प्रियांका आदेश फर्डे आणि सौ. कविता भरत मेंगाळ या दोघींच्या नावे एकत्र व्हावी. दोघींच्या लेखी संमतीशिवाय ती विकता, भाड्याने देता किंवा तिला कुलूप लावता येणार नाही. कविता भट्टीवर असेल तेव्हा प्रियांकाने वर्ग चालवावा, प्रियांका माहेरी असेल तेव्हा कविताने. पोरे आत असताना दार उघडे राहील. माश्या आल्या तर येऊ द्याव्यात. भट्टीवरून परतलेल्या मुलाला इतके दिवस कुठे होतास असे कोणी विचारू नये. जी अट मोडेल तिचा हिस्सा दुसरीला जाईल. आदेशला या खोलीत काही नाही. राग त्याने माझ्यावर काढावा, मी तेव्हा नसेन.

सही करण्यापूर्वी हे कलम मी दोघींना वेगवेगळे बसवून वाचून दाखवले.

प्रियांका म्हणाली, “काकी, ती भट्टीवर गेली नि आलीच नाय तर? तिच्यावर भरवसा कसा ठेवू?”

कविता म्हणाली, “बाई, ती आदेशदादाची बायको. तिच्यावर भरवसा कसा ठेवू?”

मी दोघींना एकच उत्तर दिले. ठेवू नका, म्हणूनच दोघींची नावे घातली आहेत. एकमेकींवर बारीक लक्ष ठेवा. पण ते पोरांसमोर ठेवाल तेव्हा जपून ठेवा, ती तेही शिकतील.

वरचा सगळा मजकूर माझा आहे. जिथे खाडाखोड आहे तिथे बाजूला माझी सही आहे. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना. या कागदाने दोघांनाही काही मिळत नाही, म्हणून त्यांना बोलावले.

कमळ गणपत फर्डे (सही)

साक्षीदार:
१. महिपत देसले, निवृत्त एस.टी. चालक, किन्हवली (सही)
२. डॉ. अक्षदा निमसे, किन्हवली (सही). सही करणारी बाई आज माझ्या तपासणीत पूर्ण शुद्धीवर होती. तिने माझे पेनही तपासून घेतले.

ठिकाण: किन्हवली
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५