दंडावरचे डाग

४ मार्च

चि. सौ. चिमीस अ. उ. आ.

काल तू कामाला जातेस त्या लाँड्रीच्या दारात, तुला न्यायला आलेल्या जावईबापूंची मी गचांडी धरली, त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. तुझ्या दंडावरचे काळेनिळे डाग मी पाहिले. तू म्हणालीस, कपड्यांचा गठ्ठा लागला. गठ्ठ्याला बोटं नसतात. तो घड्याळं दुरुस्त करणारा मुखदुर्बळ माणूस उलटून एक शब्द बोलला नाही, तेव्हाच काय ते समजलो. बॅग भरून ये. वहिनीने खोली झाडून ठेवली आहे.

माया आहे म्हणूनच रागावतो, हे ध्यानात असू दे.

तुझा दादा

१९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

दवाखान्यातून लिहिते आहे. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. आता धोका टळलाय.

लपवलं ते सांगते. माझं शरीर माझ्याच रक्तावर उलटतं आणि ते गोठतं, असा आजार आहे. दोनदा दिवस राहून टिकले नाहीत, तेही त्यामुळेच. दोष माझ्यात निघाला म्हणून माहेरी सांगायची लाज वाटली. यांनाही शपथ घातली होती. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांमुळे जरा धक्का लागला किंवा कुणी सहज दंड धरला तरी डाग उठतात. तू गेल्यावर कामावरच्या बायका यांच्याकडे बघून कुजबुजू लागल्या. डाग जावेत म्हणून मी गुपचूप गोळ्या सोडल्या. त्यात ताप आला, पाणीही पोटात ठरेना, अंथरुणाला खिळले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा रक्ताला एवढी निमित्तं पुरेशी होतात. डाग दिसले तर तपासणीला यायचं, गोळी आपल्या मनाने सोडायची नाही.

यांनी मला पाठुंगळी घेऊन जिने उतरवले. 

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी चिमी

२२ मार्च

श्री. जावईबापूंस स. न. वि. वि.

तोंड दाखवायला जागा उरली नाही. माझ्या एका हाताने तुमची अब्रू घेतली आणि चिमीचा जीवही जवळजवळ घेतला. चिमी कामावर रुजू झाली की येतो. जिथे गचांडी धरली तिथेच, त्याच बायकांसमोर माफी मागेन. तुम्ही खुशाल पाठ फिरवा.

लोभ मागायचा हक्क आज मला नाही.

आपला अपराधी

१८ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

तू सर्वांसमोर वाकलास, तेव्हा तुझ्यापेक्षा हेच जास्त ओशाळले. माझ्या गोळ्या नीट चालू आहेत. तपासणीला हेही सोबत येतात.

तू गेल्यावर इस्त्रीच्या टेबलावरच्या मावशींनी मला मागच्या खोलीत नेलं आणि स्वतःची बाही वर सारली. तसेच काळेनिळे डाग. त्यांना कसलाही आजार नाही, गोळी नाही. म्हणाल्या, तुझ्यासाठी कुणीतरी भांडायला आलं, त्याचा मला हेवा वाटला होता. इतकी वर्षं शेजारी उभी राहून मी त्यांना कधी विचारलं नाही, ही लाज कुठे ठेवू?

कालच त्या आमच्याकडे राहायला आल्या आहेत. त्यांना ओढून न्यायला त्यांचा नवरा येणार, हे नक्की. हे म्हणतात, मला भांडता येत नाही, दादांना बोलावून घे.

येशील ना?

तुझी चिमी