खडकामागून फिरून येणारे बाबा

सलायना, कॅन्सस
३ मे १९७४

चि. मर्ल यास ताईचे अ. उ. आ.

मी ठीक आहे, आई ठीक नाही. बाबा गेल्यापासून तिने जेवणाशी वैरच धरलंय. दोन घास बटाटा, की ताट सरकवते आणि खिडकीशी जाऊन बसते. बाबांचा फोटो पुढ्यात ठेवला, तर तो पालथा घातला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर इस्पितळात नेऊन नळीने भरवावं लागेल. मला फार भीती वाटते रे. तू तिचा लाडका, काहीतरी सुचव. तुझ्या बायकोला, नोरीनला सांग, जॅमची बरणी पोचली, पण फुटून.

लोभ आहेच, तो पत्रांतही दिसू दे.
तुझी ताई, व्हर्ना

बरबँक, कॅलिफोर्निया
११ मे

ती. व्हर्नाताईस सा. न. वि. वि.

हसू नकोस. बाबांनी काम केलेल्या त्या मंगळवाल्यांच्या सिनेमा-मालिकेतल्या एका भागाचं रीळ मला मिळालंय. दर शनिवारी दुपारी थिएटरात एक भाग असायचा. नायक दरीत कोसळला की संपायचा, आणि पुढच्या शनिवारी बघावं तर पठ्ठ्या आधीच उडी मारून मोकळा! कंपनी अशी कंजूष, की पृथ्वीवर चालून आलेल्या अख्ख्या फौजेला पोशाख पाचच. पाच जण कॅमेऱ्यापुढून जायचे, खडकामागून पळत वळसा घालायचे आणि पुन्हा यायचे. आपण सगळे इकडेच राहायचो तेव्हा; बाबा धापा टाकत घरी येऊन सांगायचे, की आज मी एकटाच वीस जण झालो.

पोशाख आईने शिवलेले, पण डोक्यावर रंगवलेली बादली. म्हणून तर ती कधी बघायला गेली नाही. ज्याचं तोंडच दिसत नाही तो नवरा बघायला तिकीट कशाला काढू, म्हणायची. ताई, फोटोतले बाबा हलत नाहीत. इथे ते चालतात. रीळ पार्सलने धाडलंय, शाळेतून प्रोजेक्टर मागून आण.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा मर्ल

सलायना
१८ मे

चि. मर्ल यास अ. उ. आ.

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? नवरा गेलेल्या बाईला बादल्या दाखवायच्या? मी आधी एकटीने लावून पाहिलं. पाचांतले बाबा कोणते, हे मलाच ओळखू येईना. आईने विचारलं तर कुणाकडे बोट दाखवू? पण काल तिने सूपही तोंडाला लावलं नाही, म्हणून आता दाखवतेच. काही बिघडलं तर तुझे कान उपटायला बरबँकला येईन.

काळजीतही आशीर्वाद आहेतच.
व्हर्ना

सलायना
२७ मे

चि. मर्ल यास अनेकानेक आशीर्वाद.

भिंतीवर पलंगपोस टांगून त्यावर रीळ लावलं. बादल्या चालत आल्या. तिसरी बादली दिसताच आई ताठ बसली आणि करवादली, की या माणसाला शंभरदा सांगितलं, खांद्याचे पट्टे लाव म्हणून! मग मलाही दिसलं. तो तिसरा दर चार पावलांनी कोपराने पँट वर सारत होता, चर्चमध्ये बाबा करायचे तसंच. मर्ल, मी तिथेच रडले.

बाबा खडकाआड गेले. आता आई कोसळणार, म्हणून मी बंद करायला उठले, तर तिने मला खाली बसवलं. म्हणाली, मला वेडी समजू नकोस, मेलेलं माणूस येत नाही हे मला कळतं. पण हा वळसा घालून येईल, तेवढं बघू दे. आणि आले गं बाई! ती पुन्हा पुन्हा लावायला सांगत होती, आणि बघता बघता तिने ताट रिकामं केलं.

आता रोज जेवते. काल तिने शिवणयंत्र काढायला लावलं आणि पट्टे शिवायला बसली. कुणासाठी, हे विचारायचा मला धीर होईना. तिनेच सांगितलं, की मर्लची पँटही बापासारखीच घसरते.

सोबत पाठवलेत. निमूटपणे लाव, आणि आम्हा दोघींवर लोभ असू दे.
तुझी ताई, व्हर्ना