कोयनेच्या वळणावरचा खांब

आप्पा,

कोयनानगरच्या वळणावरचा तो एक खांब खरं कितीला पडला, ते तुम्हाला सांगतो. पैसे सरकारचे, ते सोडा. मला पडले ते सातारा-सांगलीचे हेलपाटे, ऐन हंगामात बिनलागणीचं राहिलेलं रान आणि तुमच्या एसटीवरच्या कंडक्टरकाकांचा अबोला. त्यात अबोलाच सगळ्यात महाग.

खांबावर कॅमेरा आहे. गाडी ठरल्यापेक्षा जोरात आली की तो नंबरासकट फोटो काढतो आणि दंड मालकाच्या मोबाइलवर जातो. सांगलीत रेडिओ दुरुस्त करत बसणारा तुमचा पोरगा आता हे कॅमेरे बसवतो. कुणाचा वशिला नाही, कुणाची चिठ्ठी नाही. पहिल्या दिवशी त्या वळणावर एकही गाडी वेग मोडताना सापडली नाही. साहेबांनी फोन करून पाठ थोपटली, "काय धाक बसवलाय हो!" मी म्हटलं, "आमचं कामच तसं असतंय."

काकांना मात्र हे काम पटलं नव्हतं. स्टँडवर चहाच्या गाड्यापाशी, ड्रायव्हर मंडळींच्या देखत म्हणाले होते, "बापानं जन्मभर स्टेअरिंग धरलं, आन् पोरगं ड्रायव्हरच्याच पावत्या फाडतंय. लय मोठा झालास रं गड्या!" सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर काका मला बघितलं की तोंड फिरवायचे. तुमच्यामागं मला रागवायला उरलेलं ते एकच माणूस.

मला आपली एसटी आठवते. मी तुमच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर बसलोय, बुडाला चटके बसतायत. वेगाचा काटा कधीचाच मेलेला. तुम्ही विचारता, "सांग, किती हाय?" मी डोळे मिटून इंजिन ऐकतो. "चाळीस." "व्हय, आता वळण आलं. आता ऐक." आणि गाडी अशी हळू होते की मागं झोपलेल्या माणसाची मानही हलत नाही. एकदा मी म्हटलं, "आप्पा, त्या ट्रकाला मागं टाका की!" तुम्ही समोरची नजर न काढता म्हणालात, "मागं झोपलेल्यांना इचारून ये."

शेवटी मी काकांच्या घरी गेलो. म्हटलं, "काका, आप्पांच्या गाडीला काटा नव्हता, तरी ते वळणावर हळू व्हायचे. ज्यांना तसा कान न्हाई, त्यांच्यासाठी हा खांब हाय. खंडेनवमीला चालू करतोय. पूजेला या." काकांनी पुन्हा तोंड फिरवलं.

पण आले. इस्त्रीचा सदरा, हातात हळदीकुंकवाचं ताट. आम्ही खाली नारळ फोडतोय तोवर म्हणतात, "शिडी धर रं." मी म्हटलं, "काका, ह्या वयात?" "गप. एसटीच्या टपावर सामान चढवण्यात जन्म गेलाय माझा!" वर जाऊन त्यांनी पूजा केली, हात जोडले. खाली उतरून माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "तुझ्या बापाला आवडलं असतं."

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच खरं ते लिहितो. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. काकांनी कॅमेऱ्याच्या अख्ख्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. मला खालून दिसलं, पण त्या दिवशी ते पुसायला हात धजला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुसलं. तोवर कॅमेऱ्याला काही दिसतच नव्हतं.