पॉझिटिव्ह म्हणजे पसरणारं नव्हे

शिवाजी पेठ, कोल्हापूर
मंगळवार

तीर्थस्वरूप अव्वास, दानेश्वरीचा शरणार्थ.

छातीच्या ऑपरेशनची जखम सुकत आलीय. मावशी पोटभर जेवू घालते. खाली पोरं फुटबॉलवरून भांडतात, त्यामुळे दुपारची झोप तेवढी होत नाही.

शैलाचा फोन आला होता. नेसरीला घरी तू माझं ताट-तांब्या वेगळं काढून ठेवलंस म्हणे. वर तिला बजावलंस, "पॉझिटिव्ह हाय तुझी अक्का, पसरतंय की ते! तू नगं जाऊस." अगं अव्वा, हा कोरोना नव्हे. माझ्या कॅन्सरच्या गाठीच्या पेशींवर हार्मोन धरून ठेवणाऱ्या कड्या आहेत, एवढाच या पॉझिटिव्हचा अर्थ. म्हणून तर हार्मोन अडवणाऱ्या गोळ्या लागू पडतील.

या कड्यांची घडण जन्मापासूनच माणसागणिक जराशी वेगळी असते. त्यानं धोका किती वाढतो, हे डॉक्टरांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही. तेव्हा "माझ्याच रक्तातनं लेकीला आलं" म्हणून रडू नकोस. कपाळावर काही लिहिलेलं नसतं, हे मी अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं करत गावोगाव ओरडून सांगितलं. पूर्वी यावर तासभर बोलले असते. आता चार ओळींतच दम लागतो.

पण सख्ख्या बहिणीला झालंय, तर शैलानं तपासून घ्यायलाच हवं. तुझ्या धाकानं ती घरात बसलीय. तुझे गुडघे कसे आहेत?

फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून हे पत्र. वाचून दाखवणारी शैलाच असणार.

शैले, इथवर वाचलंस ना? आता पिशवी भर. येताना माझं ते ताट घेऊन ये, दोघी एकातच जेवू.

तुमची,
दानेश्वरी