दादांच्या रिकाम्या प्लॉटला पहिलं बक्षीस

सहजीवन कॉलनी, इंदूर

तीर्थस्वरूप विष्णूदादांना धाकट्या चुलतभावाचा, श्रीपादचा नमस्कार. सुहासिनीवहिनींचा गुडघा कसा आहे? माझी शुगर मंजिरीच्या ताब्यात आहे, आणि मीही.

ताजी बातमी अशी, की तुमच्या इथल्या रिकाम्या प्लॉटला आसपासच्या कॉलन्यांमधल्या सर्वात सुंदर बगीच्याचं पहिलं बक्षीस मिळालं. बातमी पक्की आहे. आमच्या सेक्रेटरी देवयानीबाईंनी कॉलनी महासंघाला फोन करून दोनदा खात्री केली (दुसऱ्यांदा स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून). तुम्ही पुढच्या रविवारी नाशिकहून येऊन तो प्लॉट बिल्डरला विकणार, त्यामुळे फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.

हे झालं कसं, ते सांगतो. जुन्या इंदुरातली आपली मराठी घरं, कोणी मिलमधले, कोणी रेल्वेतले, इथे सोयाबीनच्या शेतात प्लॉट घ्यायला निघाली तेव्हा सगळे हसले होते. टेम्पोवाला मैलभर अलीकडेच उतरवून द्यायचा, "आगे तो जंगल है बाबूजी." पहिल्या दिवाळीत फराळाला जाताना हातात टॉर्च आणि काठी असायची. आता शहर आमच्याही पुढे निघून गेलंय. या सगळ्यात एकच जागा मोकळी राहिली, तुमची. नाशिकला जाताना तुम्ही म्हणाला होतात, "श्रीपाद, लक्ष ठेव, कोणी कब्जा करू नये."

मी लक्ष ठेवलं, हाच घोटाळा. इंदुरात रिकाम्या प्लॉटवर चिप्सचं पाकीट उडून आलं तरी माणसाची झोप उडते. कचरागाडीचं गाणं लांबून ऐकू आलं की आम्ही ओला-सुका डबा घेऊन फाटकात हजर (इथलं समाजजीवन ते हेच, हळदीकुंकवालाही एवढी गर्दी नसते). अशाच एका सकाळी समोरचा यशवर्धन सगळ्यांदेखत म्हणाला, "भिया, सबका घर चकाचक, और आपके दादा के प्लॉट पे ये जंगल?" मला लागलं. मी गवत काढलं. उघडं दिसतं म्हणून मंजिरीने मोगरा लावला. मोगऱ्याला पाणी घालायला शेजारच्या जनाबाई यायला लागल्या, त्यांचे पाय दुखतात म्हणून बाक आला, बाकावर ऊन येतं म्हणून बदामाचं झाड. मग बाकावर पोहे-जलेबी आली, पोह्यांमागून गप्पा, मुलांचं क्रिकेट, आणि गणपतीचा मांडव. पण दादा, कब्जा कोणीही केलेला नाही. सगळे जेवायच्या वेळी आपापल्या घरी जातात.

स्पर्धेत नाव देवयानीबाईंनी घातलं. मी म्हटलं, "अहो, ती खाजगी जमीन आहे!" त्या म्हणाल्या, "श्रीपादजी, त्यांनी बगीचा बघितला, मालक कुठे विचारला?" शेवटी मी मीटिंगमध्ये तुमच्या सौद्याचं सांगून टाकलं. मग यशवर्धन म्हणाला, "बक्षीसवाला बगीचा कोई बेचता है क्या? दादा देने आ रहे हैं!" टाळ्याच पडल्या. मी "ऐका तर" म्हणत राहिलो, तोवर ‘दानशूर विष्णूदादा’ असा बोर्ड रंगवायला गेलासुद्धा.

तेव्हापासून मी एका जागी बसत नाही. बिल्डरची गाडी दिसली की गच्चीवर जातो, देवयानीबाई गच्चीकडे बघायला लागल्या की खाली येतो. मंजिरी म्हणते, "बसा हो, फरशी झिजेल." दादा, मोठ्या मनाने विचार करा. इथे सहा मजली इमारत झाली, तर जनाबाई बसतील कुठे?

तुमचा
श्रीपाद

ता. क. इथपर्यंतचं देवयानीबाईंनी वाचून पास केलं. त्या गेल्यावर लिहितोय. बगीच्याचं मला काही नाही. तुम्ही स्वतः इथे घर बांधून राहणार असाल, तर मोगरा मी माझ्या हाताने उपटतो. कॉलनीच्या शिव्या खायला मी समर्थ आहे. आमची लेक ईशा नोकरीला पुण्याला गेल्यापासून आमचा कचऱ्याचा डबा अर्धासुद्धा भरत नाही. दादा शेजारी येणार, या भरवशावर मी इतकी वर्षं तुमच्या प्लॉटकडच्या भिंतीला दुसरं फाटक पाडून ठेवलंय. बिल्डरला विकू नका, एवढंच.

आणखी एक ता. क. रविवारी स्टेशनवर अख्खी कॉलनी शाल-श्रीफळ घेऊन उभी असेल. शाल बेलाशक घ्या. नारळाला मात्र हात लावू नका. आमच्याकडे नारळ घेतला की माणूस हो म्हणाला असं धरतात (मी कॉलनीचा अध्यक्ष असाच झालो). नारळ द्यायचं काम माझ्याकडे आहे. तुम्ही काय ते ठरवेपर्यंत तो मी पिशवीतून काढणार नाही. आणि राहायला येतो म्हणालात, तर तिथेच प्लॅटफॉर्मवर फोडतो.